चार बाइटांचा निरोप

चेन्नईच्या दक्षिणेला, वेळच्चेरीहून तांबरमकडे जाणाऱ्या रस्त्यावर पळ्ळिकरणै इथे राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचं आवार आहे. एनआयओटी या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही संस्था नोव्हेंबर 1993 मध्ये स्थापन झाली आणि 1997 पासून तिचे बोये बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात नांगरून उभे आहेत. बोयावर वारा, हवेचा दाब, तापमान, आर्द्रता यांची मापं घेणारी उपकरणं असतात. काही बोयांच्या खाली 500 मीटर खोलीपर्यंत पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजणारे सेन्सर ओळीने लोंबत असतात. वीज मिळते ती सौर पट्ट्यांतून आणि बॅटरीतून. दुरुस्तीला जायचं तर जहाज काढावं लागतं. मोजलेलं सगळं किनाऱ्यावर पोचवायचं ते उपग्रहामार्फत, ठरल्या वेळी, मोजक्या बाइटांत.

हे पुस्तक त्या मोजक्या बाइटांविषयी आहे. कमी मेमरी, कमी वीज आणि अरुंद रेडिओवाट नशिबी आलेल्या उपकरणाने आपलं म्हणणं कसं बांधून पाठवावं, हा त्याचा विषय. मराठीत सेन्सरविषयी, ‘स्मार्ट’ शेतीविषयी पुष्कळ लिहिलं जातं. पण सेन्सरने मोजलेला आकडा रेडिओवर चढण्याआधी त्याचं काय होतं, याकडे फारसं कोणी वळत नाही. एका बॅटरीवर उपकरण काही महिने चालणार की काही वर्षं, याचा मोठा भाग मात्र तिथेच ठरतो.

आधी या उपकरणांची ऐपत ध्यानात घ्यायला हवी. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या हाती सर्रास दिसणाऱ्या अर्डुइनो उनो बोर्डावर एटीमेगा 328पी ही चिप असते. तिची रॅम 2 किलोबाइट, म्हणजे 2,048 बाइट. यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, 3 बाइट घेतं. त्या हिशेबाने या प्रस्तावनेचे शंभर-सव्वाशे शब्द भरले की रॅम संपली, प्रोग्रामला हातपाय हलवायला जागा उरली नाही. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संघटनेने 2014 मध्ये अशा उपकरणांची वर्गवारी केली. सुमारे 10 किलोबाइट रॅम आणि 100 किलोबाइट प्रोग्राम-मेमरी असलेली उपकरणं वर्ग 1 मध्ये बसतात. त्याहून पुष्कळ लहान असलेली वर्ग 0 मध्ये. वर्ग 0 च्या उपकरणांना इंटरनेटशी सुरक्षितपणे बोलायला बहुधा एखाद्या मोठ्या उपकरणाची मध्यस्थी घ्यावी लागते.

संदेश लहान करण्याची पहिली पायरी बिटांच्या हिशेबाआधीच येते: काय पाठवायचं नाही, हे ठरवणं. याचं सर्वांत गंभीर उदाहरण पुन्हा समुद्रातच सापडतं.

26 डिसेंबर 2004 रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी 6 वाजून 29 मिनिटांनी सुमात्राजवळ समुद्रतळ हादरला. चेन्नईच्या किनाऱ्यावर त्सुनामी पोचली ती सुमारे अडीच तासांनी. खोल समुद्रातली लाट ओळखून किनाऱ्याला सावध करणारी यंत्रणा हिंदी महासागरात तेव्हा नव्हती. 15 ऑक्टोबर 2007 रोजी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेत भारताचं त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं, आणि त्यासाठी लागणारे बोये समुद्रात सोडण्याचं काम एनआयओटीने अंगावर घेतलं.

या यंत्रणेचा अर्धा भाग समुद्राच्या तळाशी बसतो. तिथलं दाबमापक यंत्र वरच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब टिपत राहतं. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात फार दूर जात नाहीत, म्हणून हे यंत्र ध्वनिलहरींनी वरच्या बोयाशी बोलतं आणि बोया पुढे उपग्रहाशी. अमेरिकेच्या ‘डार्ट’ यंत्रणेत दर 15 सेकंदांना एक नोंद होते, म्हणजे दिवसाला 5,760 नोंदी. त्या सगळ्या वर पाठवत बसलं तर बॅटरी त्यातच संपेल. त्यावर सिॲटलच्या सागरी प्रयोगशाळेतील हॅरॉल्ड मॉफजेल्ड यांनी एक पद्धत बसवली. तळावरचं यंत्र गेल्या तीन तासांच्या दाबावरून भरती-ओहोटीचा अंदाज स्वतःच बांधतं. प्रत्यक्ष पातळी त्या अंदाजापासून ठरावीक मर्यादेपलीकडे ढळली, की ते लागोपाठ सविस्तर नोंदी धाडू लागतं. उत्तर पॅसिफिकमध्ये ही मर्यादा 30 मिलिमीटर ठेवलेली आहे. एरवी ते सहा तासांतून एकदा थोडक्यात आपली खुशाली कळवतं. हजारो मीटर पाण्याखालचं एक छोटं यंत्र आधी विचार करतं आणि मग बोलतं, हे तत्त्व भारतीय बोयांमागेही आहे.

ही काटकसर चेन्नईला नवी नाही. ईस्ट इंडिया कंपनीने 1792 मध्ये मद्रासच्या नुंगंबाक्कम भागात वेधशाळा उभारली. आज त्याच भागात हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. 1875 मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं आणि गावोगावच्या नोंदी तारेने येऊ लागल्या. तारेला शब्दागणिक पैसे पडत, आणि पाच अंकांचा गट एक शब्द म्हणून मोजला जाई. जगभरच्या हवामानशास्त्रज्ञांनी मग आपली भाषाच पाच-पाच अंकांच्या गटांत बसवली.

त्या संकेताचं अलीकडचं रूप पाहण्यासारखं आहे. 43279 म्हणजे चेन्नईचं मीनंबाक्कम केंद्र. त्यापुढच्या गटांत 10321 आलं, तर पहिला 1 सांगतो की हा गट तापमानाचा, नंतरचा 0 म्हणजे शून्याच्या वर, आणि 321 म्हणजे 32.1 अंश सेल्सिअस. 40065 आलं, तर 4 म्हणजे समुद्रसपाटीचा दाब आणि 0065 म्हणजे 1006.5 हेक्टोपास्कल. हजाराचा अंक गाळलेला असतो, कारण वाचणाऱ्याला तो ठाऊक आहे. समुद्रसपाटीवरचा दाब सहा हेक्टोपास्कल असूच शकत नाही. एकक लिहिलेलं नाही, दशांशचिन्ह नाही, ‘तापमान’ हा शब्दही नाही. तरी मुंबईपासून मॉस्कोपर्यंत कोणताही प्रशिक्षित माणूस तो गट वाचू शकतो. 1928 मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं. पुणेकर आजही ज्या इमारतीला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, तिथल्या कर्मचाऱ्यांच्या पिढ्या अशाच अंकांच्या गटांतून देशाचं हवामान वाचत आल्या.

तारेची सेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. तिच्यासोबत वाढलेली विचारपद्धत मात्र जागतिक हवामान संघटनेच्या ‘बफर’ या द्विमान संकेतात टिकून आहे. त्यात प्रत्येक राशीसाठी तक्त्यात चार गोष्टी लिहिलेल्या असतात: एकक, दशांशाची जागा, कुठून मोजायचं तो आधार आणि किती बिट. हवेचं तापमान 12 बिटांत मावतं, दाब 14 बिटांत. सगळे बिट 1 असले, तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा अर्थ घ्यायचा. हा शेवटचा नियम फार मोलाचा आहे. ज्या संकेतात ‘माहीत नाही’ म्हणण्याची सोय नसते, त्यात बिघडलेला सेन्सरही ठामपणे शून्य सांगतो आणि ते शून्य खरं मानलं जातं.

आता हाच हिशेब एका काल्पनिक उपकरणावर करून पाहू. डिसेंबर 2015 मध्ये अड्यार नदीच्या पुराने चेन्नईची वस्ती बुडवली. समजा, अड्यारवरच्या एका पुलाखाली उपकरण बसवायचं आहे. ते हवेचं तापमान, आर्द्रता, पाण्याची पातळी आणि बॅटरीचा दाब कळवणार. वेबच्या जगात रुळलेल्या जेसॉन या पद्धतीने रोमन अक्षरांत ‘टेम्प’, ‘हम’, ‘लेव्हल’, ‘बॅट’ अशी नावं आणि त्यांच्यापुढे 32.1, 78, 2.46, 3.4 हे आकडे लिहिले, तर कंस, अवतरणचिन्हं, स्वल्पविराम धरून 46 बाइट होतात. त्यातले निम्म्याहून अधिक बाइट नावांवर आणि विरामचिन्हांवर खर्च होतात, आणि तीच नावं दर वेळी नव्याने जातात.

लहान उपकरणांसाठी 2013 मध्ये ‘सीबोर’ हे मानक आलं. कार्स्टन बोरमान आणि पॉल हॉफमन हे त्याचे लेखक. आकड्यांआधी त्यांचा प्रकार आणि लांबी सांगणारा एक बाइट ठेवायचा, अशी त्याची साधी रचना. पण मानक निवडलं म्हणजे काम झालं असं होत नाही. वरची चार नावं तशीच ठेवून आणि तिन्ही दशांश संख्या आठ-आठ बाइटांच्या स्वरूपात लिहून सीबोर वापरलं, तर संदेश 50 बाइटांचा होतो, म्हणजे जेसॉनहून मोठा. नावांच्या जागी 1 ते 4 हे क्रमांक घातले आणि दशांशचिन्ह काढून 321, 78, 246, 34 असे पूर्णांक लिहिले, की तोच संदेश 14 बाइटांवर येतो.

याहून खाली उतरायचं तर चेन्नईला ओळखावं लागतं. या शहरात हवेचं तापमान 10 अंशांखाली जात नाही, आणि नुंगंबाक्कमला 31 मे 2003 रोजी नोंदलेला उच्चांक 45 अंशांचा आहे. 10.0 पासून 61.1 पर्यंत दशांश अंशाच्या पायऱ्या धरल्या तर त्या 512 होतात, म्हणजे 9 बिट पुरे. 32.1 अंश हा आकडा तिथे 221 म्हणून बसतो. आर्द्रतेच्या 0 ते 100 या पायऱ्यांना 7 बिट लागतात आणि उरलेले 27 संकेत बिघाड कळवायला मोकळे राहतात. पातळी सेंटिमीटरमध्ये 0 ते 10.23 मीटरपर्यंत मोजायला 10 बिट. बॅटरीला 2.1 ते 3.6 व्होल्टच्या 16 पायऱ्या, म्हणजे 4 बिट. एकूण 30. उरलेले 2 बिट संकेताची आवृत्ती सांगायला ठेवले, की संदेश नेमका 4 बाइटांचा झाला.

46 आणि 4 यांतला फरक हवेत किती उरतो, हेही मोजून पाहिलं पाहिजे. भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात लोरावॅन पद्धतीची उपकरणं चालतात. सर्वांत दूर पोचणाऱ्या, म्हणून सर्वांत संथ, वेगाला एका संदेशात 51 बाइटच मावतात. त्या वेगाने 46 बाइट पाठवायला रेडिओ सुमारे 2.6 सेकंद चालू राहतो आणि 4 बाइटांना सुमारे 1.3 सेकंद. माहिती अकरापट आटली, तरी वेळ निम्माच झाला, कारण प्रत्येक संदेशाला सुरुवातीचा इशारा, पत्ता आणि पडताळणीची खूण यांचा ठरलेला बोजा वाहावा लागतो. म्हणून खरा फायदा घ्यायचा तर एकाच संदेशात अकरा नोंदी भराव्यात. 44 बाइटांत त्या बसतात. ज्या पातळीचा इशारा तातडीने द्यायचा आहे ती मात्र थांबवायची नाही, लगेच पाठवायची. अशा निर्णयांसाठी नदीही कळावी लागते आणि रेडिओही.

इतर जाळ्यांतही हीच ओढाताण दिसते. घरांत आणि कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या 802.15.4 या रेडिओ-मानकात एक चौकट 127 बाइटांची असते, आणि इंटरनेटच्या आयपीव्ही6 पद्धतीत मथळ्याचं ओझंच 40 बाइटांचं. ते आटवण्यासाठी 2007 आणि 2011 मध्ये स्वतंत्र मानकं लिहावी लागली. मोबाइलचा एसएमएसही 140 बाइटांचाच. सात-सात बिट दाटून भरल्यामुळे त्यात रोमन लिपीची 160 अक्षरं मावतात. मराठीत लिहिताना मर्यादा 70 चिन्हांवर येते, हे साध्या फोनवरून निरोप पाठवलेल्या प्रत्येकाने अनुभवलेलं आहे.

मेमरीची तंगी याहून वेगळी शिस्त मागते. मजकूर जुळवायचा तर तो पूर्ण होईपर्यंत रॅममध्ये धरून ठेवावा लागतो. अपूर्णांक छापणारी फंक्शनं प्रोग्रामची जागा खातात. त्याऐवजी आकडे सुरुवातीपासून पूर्णांकांत ठेवावेत, बिट सरकवून थेट पाठवणीच्या पट्टीत बसवावेत आणि चालू असताना नवी मेमरी मागूच नये, असा जाणत्यांचा रिवाज आहे. गूगलने 2008 मध्ये खुल्या केलेल्या प्रोटोकॉल बफर्सची ‘नॅनोपीबी’ ही आटोपशीर आवृत्ती याच रिवाजाने चालते. नवख्याला मोह होतो तो सी भाषेतलं स्ट्रक्चर आहे तसं हवेत सोडण्याचा. पण कंपायलर मध्ये रिकामे बाइट घालतो, एका प्रोसेसरवर लहान बाइट आधी तर दुसऱ्यावर मोठा आधी, आणि टेबलावर चोख चाललेलं उपकरण दुसऱ्या चिपशी बोलताना अर्थहीन आकडे देऊ लागतं.

धोके याहून मोठेही आहेत. 4 जून 1996 रोजी युरोपचं एरियन 5 रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे 40 सेकंदांत नष्ट झालं. 64 बिटांचा वेगाचा आकडा 16 बिटांच्या जागेत कोंबला गेला आणि मावला नाही. जीपीएस उपग्रह आठवड्याचा क्रमांक 10 बिटांत सांगत आले आहेत, म्हणून 1,024 आठवड्यांनी तो पुन्हा शून्यावर येतो. ऑगस्ट 1999 आणि एप्रिल 2019 मध्ये तसं घडलं. आपल्या अड्यारच्या पुलाखालीही हाच सापळा आहे. पाणी 10.24 मीटरवर गेलं आणि प्रोग्राममध्ये काळजी घेतलेली नसली, तर उपकरण शून्य कळवेल. पूर सर्वांत उंच असताना नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर नदी कोरडी दिसेल. म्हणून मर्यादेपलीकडचा आकडा टोकाच्या किमतीवर अडवणं आणि ‘मापाबाहेर’ असा वेगळा संकेत राखून ठेवणं ही सुरक्षेची बाब आहे.

मागच्या नोंदीपेक्षा किती फरक पडला तेवढाच पाठवायचा, ही युक्तीही अशीच दुधारी. नदी संथ असताना फरक दोन-तीन बिटांत मावतो. पण वाटेत एक संदेश हरवला, की पुढचे सगळे आकडे तेवढ्याने चुकत जातात. त्यामुळे ठरावीक अंतराने पूर्ण आकडा पाठवावा लागतो आणि प्रत्येक संदेशाला क्रमांक द्यावा लागतो. वाचवलेले काही बिट इथे परत करावे लागतात, आणि ते करावेतच.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. या शतकाच्या पहिल्या दशकात आयआयटी मुंबईच्या ‘ॲग्रिसेन्स’ प्रकल्पाने नाशिकजवळच्या सुला द्राक्षबागांमध्ये बिनतारी सेन्सरचं जाळं बसवलं होतं. द्राक्षबागाईतदाराला डाऊनीची, म्हणजे केवडा रोगाची, चाहूल हवी असते आणि त्यासाठी पान किती तास सलग ओलं राहिलं हे कळावं लागतं. त्या वेळचं तापमान आणि ओलाव्याचे तास, एवढ्यावर फवारणीचा निर्णय घेता येतो. दर मिनिटाची नोंद त्याच्या कामाची नाही. ओलाव्याचे तास उपकरणानेच मोजून दिवसातून काही वेळा सांगितले, तर बागाईतदाराचा प्रश्न सुटतो आणि बॅटरीही टिकते. समुद्रतळावरचं दाबमापक आणि द्राक्षाच्या पानाजवळचा सेन्सर यांना लागणारी समज एकच आहे.

चेन्नईत या विषयाचं दुसरं टोकही घडतं आहे. आयआयटी मद्रासमध्ये व्ही. कामकोटी यांच्या गटाने खुल्या रिस्क-व्ही आराखड्यावर ‘शक्ती’ प्रोसेसर उभा केला, आणि त्याच घराण्यातली ‘मौशिक’ ही 2020 मध्ये जाहीर झालेली चिप अशाच जोडलेल्या उपकरणांसाठी आहे. चिप इथली असेल, तर तिच्यावरून जाणारा संदेश कसा बांधायचा हेही इथल्या मुलांना मुळापासून यायला हवं.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. आधी बिट, बाइट आणि पूर्णांकांची ओळख. मग तारेच्या संकेतापासून बफरपर्यंतचा प्रवास. त्यानंतर सीबोर, प्रोटोकॉल बफर्स आणि हाताने केलेली बिटबांधणी यांची समोरासमोर तुलना. शेवटी हरवलेले संदेश, मापाबाहेरचे आकडे आणि आवृत्ती बदलताना घ्यायची काळजी. बारावीचं गणित आणि थोडी सी भाषा येणाऱ्याला ते झेपेल. वाचताना कागद-पेन्सिल जवळ असावी आणि प्रत्येक तक्त्यातले बिट स्वतः मोजून पाहावेत.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगायची आहे. चार बाइटांना अर्थ मिळतो तो पलीकडे ठेवलेल्या तक्त्यामुळे. हवामानाचे संकेत-तक्ते छापील आणि खुले होते, म्हणून कित्येक दशकांपूर्वीच्या मद्रासच्या नोंदी आजही वाचता येतात. तक्ता एखाद्या कंत्राटदाराच्या संगणकात राहिला आणि कंत्राट संपलं, तर साठवलेले सगळे बाइट निरुपयोगी होतात. म्हणून नदी, धरण, हवा किंवा शेत यांसाठी सार्वजनिक पैशातून सेन्सर बसवणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेने, महापालिकेने आणि खात्याने निविदेतच अट घालावी, की संदेशाचा संपूर्ण संकेत-तक्ता त्याच्या आवृत्त्यांसह जाहीर केला जाईल. ज्या वाचकांच्या हातून अशी उपकरणं घडणार आहेत, त्यांनी ती अट कोणी घालण्याची वाट न पाहता पहिल्या दिवसापासून तक्ता लिहून ठेवावा.